मागं तीन पिढ्या, पुढं दोन लेकरं

आपल्या वस्तीत बाहेरचा माणूस आला की आधी लेकरं मोजतो. सर्व्हेवाला असो, नर्सबाई असो, निवडणुकीतला उमेदवार असो नाहीतर नागपूरहून आलेला समाजसेवक असो. "मुलं किती?" हा पहिला प्रश्न. त्या मुलांच्या डोक्यावर छप्पर किती हात आहे, रात्री ती झोपतात कशी, घराची भिंत कोणाच्या जागेवर उभी आहे, हे तो विचारत नाही. विचारलंच तर कागदावर 'कच्चे' की 'पक्के' एवढी खूण करतो. मग शहरात जाऊन सांगतो, यांना घर नाही कारण यांना लेकरं फार.

हे वाक्य उलटं आहे. ते सुलटं करून वाचणं हे या लेखाचं काम. आणि ते सुलटं करायला आपल्या साहित्यानं किती मदत केली, हेही मला तपासायचं आहे.

या आरोपाला आपल्यात दोन उत्तरं तयार असतात. पहिलं शिकलेल्यांचं. होय बाबा, चूक आपलीच, लेकरं कमी करा, बाबासाहेबांनीही तेच सांगितलं. दुसरं आवेशाचं. कुटुंबनियोजन म्हणजे आपली संख्या घटवायचा डाव. ही दोन्ही उत्तरं देणारे बहुतेक पुरुष असतात. दोघांनीही त्या बाईला विचारलेलं नसतं, अन् दोघांनीही तिचं घर आतून पाहिलेलं नसतं.

पुस्तकांपासून सुरुवात करतो. दलित साहित्यानं घर फार लिहिलं. खरं तर मराठीत घर म्हणजे काय हे आपणच पहिल्यांदा नीट लिहिलं. त्याआधीच्या पांढरपेशा कथेतलं घर म्हणजे ओटी, माजघर, तुळशीवृंदावन, माडीवरची खोली. त्या घरातल्या माणसांना एकांत मिळवायची चिंता नव्हती. एकांताचा कंटाळा यावा इतका तो त्यांच्याकडे होता, अन् त्या कंटाळ्यावर त्यांनी पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली.

बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा. त्यातली त्याच नावाची कथा घ्या. रेल्वेत लागलेला तरुण परमुलखात उधन्याला जातो. नोकरी आहे, पगार आहे, राहायला जागा नाही. जागेसाठी तो जात झाकतो. जात उघडी पडते तेव्हा मार खातो. ही जातीची कथा म्हणून आपण वाचली, ते बरोबरच आहे. पण ती जागेचीही कथा आहे. त्या जागेत त्यानं उद्या बायको आणली असती तर? चोरलेल्या जातीच्या खोलीत लेकरू जन्माला घालायचं म्हणजे त्याला बोलता येऊ लागल्याबरोबर शेजारी काय बोलायचं नाही हे शिकवायचं. बागुलांची कथा जिथं थांबते तिथून संसाराचा प्रश्न सुरू होतो. तिथून पुढं लिहिणारे आपल्यात कमी निघाले.

दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) मुंबईचा कावाखाना आहे. एकेका खोलीत अनेक बिऱ्हाडं. माणसं झोपतात कुठं, भांडतात कुठं, लाज सांभाळतात कशी, हे त्यांनी डोळे न मिटता लिहिलं. पण त्या खोल्यांतल्या बायांनी दिवस राहू द्यायचे की नाही याचा विचार कधी केला असेल का, तो कोणाजवळ बोलून दाखवला असेल का, हा त्या पुस्तकाचा विषय नाही. लेकरं तिथं असतातच. पावसाळ्यात छपरातून पाणी यावं तशी ती येतात.

हा विषय जवळून दिसतो तो बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये. ते १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलं अन् १९८६ मध्ये पुस्तक झालं. पोरवयात अडलेल्या बाळंतिणी, सुइणींचे हात, बाळंत झालेल्या पोटाला न मिळणारं अन्न. आणि हे सारं जिथं घडतं ते अंधारं खोपटं. घर आणि कूस या दोन गोष्टी आपल्या साहित्यात एका जागी आल्या त्या बेबीताईंच्या हातून. पुरुषाच्या हातून ते झालं नसतं.

त्यानंतर आपल्या अंकांतून 'आई' फार छापून आली. नागपूरच्या ज्योती लांजेवारांनी 'आई' ही कविता लिहिली तेव्हा तिला राबताना, लढताना पाहिलं. ती कविता मोठी आहे. पण तिच्यामागून आलेल्या शेकडो आयांना आपण एकच काम दिलं, त्यागाचं. आई उपाशी राहते, आई ओझं वाहते, आई सहा लेकरं वाढवते. कवी रडतो, आपण टाळ्या वाजवतो. देव फेकून दिले अन् रिकाम्या देव्हाऱ्यात आई नेऊन बसवली. देव्हाऱ्यातल्या आईला कोणी विचारत नाही, बाई, तुला चौथं पाहिजे होतं का?

म्हणून मी एक साधं माप सुचवतो. आपलं कोणतंही आत्मकथन, कथा, नाटक वाचताना विचारा, या घराच्या दाराला आतून कडी आहे का? कडी असेल तर आत दोन माणसं काही बोलली असतील, काही ठरवलं असेल. कडी नसेल तर त्या घरातल्या लेकरांच्या संख्येबद्दल आईबापाला जाब विचारायचा अधिकार कोणालाच नाही. लेखकालाही नाही.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. वरची पुस्तकं फलटणची, मुंबईची, उधन्याची. चंद्रपूर-गडचिरोलीचं घर त्यांत नाही. ते झाडीपट्टीच्या रंगभूमीवर तरी आहे का? धान निघालं की वडसा-देसाईगंजच्या कंपन्या गावोगाव रात्रभर नाटकं करतात. माणसं गाड्या करून पाहायला जातात. मी पाहिलेल्या बहुतेक नाटकांत घर म्हणजे पाटलाचा वाडा, अन् लेकरू म्हणजे वारस. वांझ म्हणून छळलेली सून, कजाग सासू, शेवटी पाळणा. पाहणारी बाई कुडाच्या घरातून आलेली असते. तिला रडू येतं ते खरंच येतं. पण जिच्यासाठी ती रडते त्या सुनेला निदान स्वतःची खोली असते.

कुडाच्या भिंती, वर कवेलू, पुढं छपरी. आत एक खोली, तिच्यातच चूल, तिच्यातच धानाची ढोली. सासू-सासरे, लग्नाचा दीर, नवरा-बायको, लेकरं. पावसाळ्यात छपरीत झोपता येत नाही, मग बकऱ्याही आत येतात. गोंडपिपरी तालुक्यातल्या एका बाईला मी विचारलं, लेकरांचं तुम्ही दोघांनी मिळून काही ठरवलं होतं का? ती हसली. म्हणाली, "लेकराचं का ठरवाचं जी? आमच्या घरी कोनं कुठी झोपाचं, हेच रोज रात्री ठरते."

तिच्या बोलण्यात सारा प्रश्न आला. ठरवायचं तर दोन माणसांना बोलावं लागतं. बोलायला आडोसा लागतो. गोळ्यांचं पाकीट ठेवायला असं फडताळ लागतं, जे दुसरं कोणी उघडणार नाही. अंगावर पिणाऱ्या लेकराला घेऊन मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या बाईला तिथं प्लास्टिकच्या पालात तेवढंही नसतं. सरकारी पत्रकं मात्र हे सगळं घरात आहेच असं धरून छापली जातात.

अन् तरीही लेकरं कमी झालीत. फार लेकरांचा आरोप शिळा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा जननदर बाईमागे १.७ निघाला. म्हणजे दोनाच्याही खाली. पण ही संख्या खाली आली कशी, ते त्याच सर्वेक्षणात पाहा. राज्यातल्या जवळपास निम्म्या विवाहित बायांची नसबंदी झालेली. पुरुषांची शंभरात एकही नाही. यावर आपले मित्र म्हणतात, बघा, जागृती आली. मी म्हणतो, नीट बघा. ऑपरेशन हे असं साधन आहे ज्याला घर लागत नाही. एकदा कापलं की फडताळ नको, कडी नको, नवऱ्याशी बोलणं नको. एका खोलीत राहणाऱ्या बाईला हातात ठेवता येण्यासारखं तेवढंच होतं. ते तिनं आपल्या अंगावर घेतलं. आणि ऑपरेशननंतर पडून राहायला कोपरा नाही म्हणून चार दिवसांत रोवण्याला गेली.

जुन्या पिढीला लेकरं जास्त झाली त्याचीही कारणं घरातच होती. पहिलं कारण, लेकरू जगेल याची खात्री नव्हती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं काम सुरू केलं त्या काळात, १९८८ मध्ये, त्यांच्या गावांत हजारी १२१ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. त्यांनी गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळाची काळजी घरात नेली. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं, पुढं ही पद्धत देशानं घेतली. दवाखाना घरात न्यावा लागला, कारण बाळ घरात मरत होतं. ओल, धूर, थंडी, एकच गोधडी. ज्या घरात पाचातलं एखाददुसरं हमखास जायचं, त्या घरानं पाच होऊ दिली तर तो अडाणीपणा म्हणायचा की हिशेब?

दुसरं कारण म्हातारपण. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात अशी म्हण आहे. आपल्याकडे ती उलटी लागू पडते. ज्याच्या नावावर घर नाही, शेत नाही, पेन्शन नाही, त्याला लेक हाच वासा. एक वाळवीनं खाल्ला तर दुसरा टेकू देईल. सरकारी जागेवर चंद्रमौळी बांधून राहिलेल्याला तर ती जागा राखायलाही माणसं लागतात. बुलडोझरपुढं उभं राहायला एक लेक पुरत नाही.

तिसरं कारण जमिनीचं. ते खास आपल्या जंगलातल्या जिल्ह्यांचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गडचिरोलीची दोन तृतीयांशाहून अधिक जमीन जंगलाखाली आहे. गावाचं गावठाण म्हणजे जंगलानं वेढलेलं बेट. पोराचं लग्न झालं की त्यानं वेगळं घर बांधायचं कुठं? गावठाण भरलेलं. कुंपणापलीकडे वनखातं. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर वनजमिनीचा इंचही इतर कामाला वापरायचा तर दिल्लीची परवानगी लागू लागली. २००६ मध्ये वनहक्क कायदा आला. त्यात गावाच्या सोयींसाठी वनजमीन देता येईल अशा तेरा कामांची यादी आहे. शाळा आहे, दवाखाना आहे, रेशनचं दुकान आहे, अंगणवाडी आहे. घर नाही. म्हणजे अंगणवाडीला जंगलात जागा मिळू शकते, पण त्या अंगणवाडीत जाणाऱ्या लेकराच्या घराला नाही. ही चूक सरकारच्याही ध्यानात आली, पण चौदा वर्षांनी. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यपालांनी अधिसूचना काढली अन् गावाला लागून असलेल्या वनजमिनीवर घरं बांधायची वाट मोकळी केली. तीही फक्त अनुसूचित क्षेत्रापुरती. त्या रेषेबाहेरच्या गावातला पोरगा बायको घेऊन बापाच्या त्याच एका खोलीत येतो.

आधीपासून वनजमिनीवर राहणाऱ्याला त्याच कायद्यानं घराचा अन् शेताचा हक्क मागता येतो. आदिवासींनी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा. आपल्यासारखे जे आदिवासी नाहीत ते 'इतर पारंपरिक वननिवासी'. त्यांनी त्या तारखेच्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य सिद्ध करायचं. आदिवासी शेजाऱ्याला ही अट नाही अन् ती नसावीच. यावरून त्याच्याशी भांडणारा कार्यकर्ता शत्रूचं काम करतो. माझा प्रश्न सरकारला आहे. महाराच्या, मांगाच्या आजोबाचा जन्म कोणी लिहून ठेवला? जंगलात जाऊन राहिलेल्याची नोंद कोणत्या दफ्तरात? चांद्याला बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा दिली, ती आपल्या हजारो घरांची पहिली पक्की तारीख. ती धरली तरी २००५ पर्यंत ४९ वर्षंच भरतात. जिवतीच्या डोंगरावर जा. तिथं साठ-सत्तरच्या दशकांत मराठवाड्याच्या दुष्काळातून आलेली दलित, बंजारा कुटुंबं आहेत. दगड वेचून शेतं केली, घरं बांधली, तिथंच लेकरं झाली, नातवंडं झाली. त्यांची ७५ भरत नाहीत. जमीन वनखात्याची की महसूलची, या वादात पिढ्या गेल्या.

आता याच माणसाला हेच सरकार दुसऱ्या टेबलावर काय सांगतं? १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं लेकरू झालं असेल तर ग्रामपंचायत लढवता येणार नाही. २००५ च्या लहान कुटुंबाच्या नियमांनी सरकारी नोकरीलाही दोन लेकरांची अट लागली. सासूच्या हट्टानं, नवऱ्याच्या दारूनं तिसरं पदरी पडलेल्या बाईची सरपंचकी जाते. ते लेकरू तिनं ठरवलं होतं का, हे कोणी विचारत नाही. म्हणजे एका टेबलावर मागं तीन पिढ्या दाखवा, दुसऱ्या टेबलावर पुढं दोनच लेकरं ठेवा. पिढ्या मोजायचा अधिकार त्यांचा, त्या वाढवायची शिक्षा आपल्याला.

घरकुलाचं पाहू. १९८५ मध्ये इंदिरा आवास आली. पुढं राज्यानं अनुसूचित जातींसाठी रमाई आवास काढली, २०१६ मध्ये केंद्राची प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली. घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट, स्वयंपाकाची जागा धरून. अनुदान सपाटीवर १ लाख २० हजार, डोंगराळ अन् नक्षलग्रस्त म्हणून नोंदलेल्या जिल्ह्यांत १ लाख ३० हजार. नावं घेतली २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात जनगणनेच्या यादीतून, खोल्या मोजून. इथं सरकारनं एकदाच खोल्या मोजल्या, हे खरं. पण २०११ मध्ये दहा वर्षांचा असलेला पोरगा पुढं बाप झाला, त्याचं कुटुंब त्या यादीत कुठून येणार? मागून पुरवण्या काढाव्या लागल्या. अन् ज्याला पायाखाली जागाच नाही त्याचं नाव यादीत आलं तरी घर कुठं उभं करायचं? रमाईच्या नावाची योजना आहे. तिच्या नावानं निदान आतून कडी लागणारी दुसरी खोली तरी व्हावी.

घर आणि लेकरू यांचा उघड सौदाही या देशात झाला आहे. आणीबाणीत, १९७५ ते ७७ च्या काळात, दिल्लीत झोपड्या पाडल्या. उठवलेल्या माणसांना प्लॉट पाहिजे असेल तर नसबंदीचं प्रमाणपत्र दाखवावं लागलं. घराच्या जागेची किंमत माणसानं आपल्या देहानं दिली. ज्याच्याकडे ती ताकद नव्हती त्यानं आपल्याहून गरीब माणूस गाठून, पैसे देऊन त्याची नसबंदी करवली. आपलं महाराष्ट्र यात मागं नव्हतं. तीन लेकरांनंतर सक्तीची नसबंदी करणारं विधेयक १९७६ मध्ये इथल्याच विधिमंडळानं मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. याच्या उलटही झालं. १९७९ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारनं बैगा, अबूझमाडिया अशा जमातींच्या नसबंदीला मनाई केली. अबूझमाड म्हणजे भामरागडपलीकडचा डोंगर. तिथल्या बाईनं स्वतः मागितलं तरी मिळू नये अशी व्यवस्था. एकाला सक्ती, एकीला बंदी. विचारलं दोघांनाही नाही.

चंद्रपूरच्या बाजूला या प्रश्नाचं उत्तरही दिसतं, डोळे उघडे ठेवले तर. १९७३ मध्ये कोळसाखाणी सरकारच्या झाल्या, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स उभी राहिली. कायम कामगाराला क्वार्टर मिळालं. दुर्गापूर, बल्लारपूर, माजरी, घुग्गुस. लहानसंच, पण खोलीला दार, दाराला कडी, नळ, संडास. आपल्यातल्या ज्यांना ते मिळालं त्यांच्या घरांत मी काय पाहिलं? पोरी कॉलेजात गेल्या. लग्नं लांबली. लेकरं दोनावर, फार तर तिनावर थांबली. त्यांना कोणी व्याख्यान दिलं नव्हतं. पगार होता अन् दार लागत होतं. त्याच खाणीत ठेकेदाराकडे राबणारा भाऊ मात्र खाणीलगतच्या झोपडीत. अन् ती जमीन तरी भरवशाची आहे का? ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्गुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं. खाली जुन्या खाणीची पोकळी होती. माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. आजूबाजूची घरं रिकामी करावी लागली.

आता तुमचं-आमचं. हा अंक वाचणारे बहुतेक पंचवीस-तीसचे. माझा एक मित्र चंद्रपुरात तासिका तत्त्वावर शिकवतो. कॉलनीत खोली बघायला गेला. मालकानं आधी विषय विचारला, मग गाव विचारलं, मग आडनाव. आडनाव ऐकल्यावर खोली 'कालच गेली' झाली. तीन ठिकाणी तेच. बागुलांच्या कथेला साठ वर्षं झाली. आपला मित्र जात चोरत नाही, एवढा फरक पडला, तो मोठा आहे. पण खोली अजून त्याला मिळत नाही. बायको गावी सासऱ्याच्या घरी, हा चौघांत एका खोलीत. लेकराचं विचारलं तर म्हणतो, "पुढं बघू." गोंडपिपरीच्या बाईला लेकरू न ठरवता झालं, याचं न ठरवता राहिलं. तिला जागा नव्हती म्हणून आडवं येता आलं नाही. याला जागा नाही म्हणून पुढं जाता येत नाही. पहिलीला आपण अडाणी म्हणतो अन् दुसऱ्याला जागरूक म्हणतो. दोघांची मोकळीक सारखीच आहे, म्हणजे नाहीच.

हा 'पुढं बघू' आपल्या साहित्यात कुठं आहे? आपली नवी कविता अजून महारवाड्याच्या आठवणीतच घर शोधते. भाड्याच्या खोलीत पाय पोटाशी घेऊन झोपलेला, लग्न होऊन तीन वर्षं बायकोपासून लांब असलेला शिकलेला पोरगा तिला दिसत नाही. तो दुःखी दिसायला पुरेसा गरीब नाही, म्हणून?

शेवटी बाबासाहेबांचं. त्यांचं नाव घेऊन वस्तीत व्याख्यानं झोडणाऱ्यांसाठी हे लिहितो. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव आला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं, सभागृहात मांडलं पी. जे. रोहम यांनी. ११ विरुद्ध ५२ मतांनी ठराव पडला. त्यात गरिबाला शिवी नव्हती. सरकारनं प्रचार करावा अन् साधनं पुरवावीत, ही मागणी होती. बाळंतपणाच्या वेणा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर काय झालं असतं, हा प्रश्न त्यात होता. आणि हे बंगल्यातून सुचलेलं नव्हतं. परळच्या बी.आय.टी. चाळीत त्यांनी वर्षानुवर्षं काढली. पाच लेकरांपैकी चार त्यांनी अन् रमाईनं गमावली.

मग जुलै १९४२. नागपूरला १८ ते २० जुलै अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. तिथं अस्पृश्यांना गावापासून वेगळ्या, स्वतःच्या जमिनीवरच्या स्वतंत्र वसाहती मिळाव्यात असा ठराव झाला. आणि २० जुलैला त्याच मांडवात, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली, महिला परिषद झाली. तिथं बाबासाहेबांनी बायांना सांगितलं की लग्नाची घाई करू नका, फार लेकरं होऊ देऊ नका, नवऱ्यापुढं गुलामासारखं वागू नका, त्याच्या बरोबरीनं उभ्या राहा. तीन दिवस, एक मांडव, दोन्ही गोष्टी सोबत. वसाहत आणि लेकरू. जमीन आणि बाईचा शब्द. आपण यातली दुसरी गोष्ट उचलली, तीही अर्धी. फार लेकरं नकोत एवढंच वस्तीला सांगितलं. जमिनीचं ज्याला सांगायचं त्याला सांगायला घाबरलो, अन् बरोबरीचं आपल्याच घरात सांगायला लाजलो.

म्हणून मित्रांनो, पुढच्या वेळी वस्तीत जाताना लेकरांची यादी करू नका. ती करायला बरेच जण आहेत. खोल्यांची यादी करा. घर कोणाच्या नावावर, पट्टा आहे का, वनहक्काचा दावा टाकला का, कोणत्या समितीनं कोणत्या कारणानं फेटाळला, त्यात बाईचं नाव होतं का. कायदा नवरा-बायको दोघांच्या नावानं पट्टा द्या म्हणतो, हे किती बायांना माहीत आहे? दार लागतं का, हेही विचारा. हे विचारायला पोरी जाऊ द्या. त्यांना जे उत्तर मिळेल ते आपल्याला मिळणार नाही.

आणि जे लिहितात त्यांनी आईवरची पुढची कविता लिहायच्या आधी घरी जाऊन आईला एक प्रश्न विचारावा. आम्ही इतके जण तुला पाहिजे होतो का? ती चिडेल, हसेल, गप्प बसेल. जे करेल ते लिहा. इथं छापू.

जय भीम.